पुनर्वाचन आणि स्मरण

महाविद्यालयात नव्याने आलेला विद्यार्थी बहुधा शाळेतील अभ्यासपद्धतीच सोबत आणतो : तोच पाठ पुनःपुन्हा वाचावयाचा. शाळेत चाचण्या वरचेवर होत असल्याने ती निभावते. येथे परीक्षा दूर असते, वाचलेले ऐनवेळी आठवत नाही, आणि तो आपल्या बुद्धीलाच दोष देतो. हे निदान चुकीचे होय. अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुनर्वाचन करणाऱ्यांना उताऱ्यातील ८१ टक्के, तर एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के आशय सांगता आला. आठवड्यानंतर मात्र हे प्रमाण अनुक्रमे ४२ व ५६ झाले. पुनर्वाचनाने मजकूर परिचित वाटतो व त्या परिचयालाच विद्यार्थी ज्ञान समजतो. वसतिगृहांतील जागरणे बहुधा याच समजुतीवर चालतात. आठवून लिहिताना उणिवा परीक्षेपूर्वीच उघड होतात.