होडीला किती पाणी लागते?

उन्हाळा लागला की धरणांच्या टक्केवारीचा तक्ता रोज छापून येतो. शहरातला माणूस त्यात आपला नळ शोधतो, शेतकरी कालव्याचे आवर्तन शोधतो. धरणाच्या पाण्यावर होडी चालवणाऱ्याच्या हाती मात्र त्यातून फारसे काही लागत नाही. धक्क्यापाशी खोली किती उरली, काठ किती मागे हटला, बुडालेली जुनी भिंत आता किती वर आली, हे टक्केवारी सांगत नाही. दुष्काळाचा आणि पावसाचा हिशेब पाण्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बाजूने मांडला तर तो कसा दिसतो, हे तीन जलाशयांवरून पाहू.

उजनी : दुसऱ्यांच्या पावसावरचे पाणी

भीमेवरचे उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात आहे, पण ते सोलापूरच्या पावसाने भरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर पाऊस पडतो, आधी खडकवासला, पवना, चासकमान, डिंभे ही वरची धरणे भरतात, ती विसर्ग सोडतात आणि तो दौंडमार्गे उजनीत येतो. त्यामुळे करमाळा-इंदापुरात आभाळ कोरडे असतानाही पाणी भराभर चढते. आणि गावात चार सरी बऱ्या झाल्या तरी घाट कोरडा असेल तर होडी गाळातच राहते.

उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न, उरलेला साधारण 63 टीएमसी मृतसाठा. शंभर टक्क्यांची पातळी 496.83 मीटर आणि शून्य टक्क्यांची 491.03 मीटर. म्हणजे भरलेले धरण आणि ‘संपलेले’ धरण यांत सहा मीटरांचेही अंतर नाही. पण हा जलाशय परातीसारखा पसरट आहे. पातळी एक मीटर उतरली की काठ कितीतरी दूर सरकतो आणि मध्ये उरतो तो गुडघाभर गाळ. त्यात धड चालता येत नाही, वल्हेही मारता येत नाही.

2023 च्या पावसाळ्यात हे धरण साठ टक्क्यांच्या आसपासच अडकले. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात इंदापूर आणि करमाळा हे दोन्ही काठ होते. जानेवारी 2024 मध्येच साठा शून्याखाली, म्हणजे मृतसाठ्यात, गेला आणि उन्हाळा संपता संपता उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर उघडे पडले, ते पाहायला लोकांची रीघ लागली. ‘उणे साठ’ म्हटले की धरण रिकामे वाटते. प्रत्यक्षात तेव्हाही त्यात तीस टीएमसीच्या वर पाणी होते, आणि भीमेचे मूळ पात्र खोलच होते.

याचा विसर पडू नये. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पाणी ओसरले म्हणून धोका ओसरत नाही. उथळ भागात दगड, खुंट आणि जाळी वर येतात, पात्रात खोली तशीच राहते, आणि वळवाचे वारे नेमके त्याच दिवसांत सुटतात. रस्त्याने जायचे तर फार मोठा वळसा पडतो, म्हणून काठाकाठाची माणसे होडीने जातात. त्यांच्यासाठी होडी ही हौस नव्हे, ती वाट आहे.

उजनीच्याच काठावरच्या भिगवण-कुंभारगावच्या नावाड्यांचे गणित वेगळे. ते पर्यटकांना रोहित पक्षी दाखवतात. रोहित उथळ, चिखलाळ पाण्यात चरतो. धरण उशिरापर्यंत तुडुंब राहिले तर दलदल उघडी पडत नाही आणि पक्षी उशिरा येतात. फार आटले तर होडी तिथवर पोहोचत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये धरण भरले. 2025 मध्ये तर मेअखेरच पावसाने पातळी चढू लागली. पाणीटंचाईत होरपळलेल्या माणसाला हा आनंदच; पण नावाड्याला दोन्ही टोके जड जातात.

कोयना : दुष्काळ नसतानाही उतरणारे पाणी

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणलोट क्षेत्र महाबळेश्वरच्या डोंगरांत आहे, जिथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे पातळी उतरते ती मुख्यतः वीजनिर्मिती आणि सिंचनासाठी. अधिक खालच्या पातळीवरचे पाणीही वापरता यावे म्हणून 2012 साली दुसऱ्यांदा ‘लेक टॅपिंग’ (जलाशयाच्या पोटातून बोगद्यात पाणी घेणे) झाले. दरी अरुंद आणि उभी असल्याने काठ उजनीसारखा दूर पळत नाही, पण धक्का उंच राहतो आणि पाणी खाली जाते. तापोळा, बामणोली आणि पलीकडची कांदाटी खोऱ्यातली गावे लाँच आणि तराफ्यावर जगतात. मे महिन्यात आजारी माणसाला लाँचपर्यंत न्यायचे तर आधी तो उघडा पडलेला उतार उतरावा लागतो. वासोटा किल्ल्याला जाणारा पर्यटक तेवढाच थकवा आठवणीत ठेवतो. तिथल्या रहिवाशाला तो दरवर्षीचा आहे.

भंडारदरा : मराठवाड्याच्या दुष्काळाची ओढ

1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणामागचा आर्थर लेक घाटघर-रतनवाडीच्या धुवाधार पावसाने बहुतेक वर्षी भरतो. मग प्रवरेच्या कालव्यांची आवर्तने सुरू होतात. शिवाय राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात तूट असली तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. नोव्हेंबर 2023 मध्ये प्रवरा खोऱ्यातूनही ते सुटले. हे न्याय्यच आहे. तहान आधी, सहल नंतर. पण दुष्काळ खोऱ्याच्या एका टोकाला पडला की दुसऱ्या टोकाचा काठ हलतो, हे काठावरच्या माणसाला आधी सांगायला हवे.

माझे म्हणणे एवढेच आहे. पाण्याच्या हिशेबात पिणे, शेती, उद्योग आणि वीज यांना रकाने आहेत, जलवाहतुकीला नाही. तिच्यासाठी जादा पाणी राखून ठेवा, असे कुणी म्हणत नाही. प्रत्येक धक्क्यावर मीटरमधली पातळी लिहा, विसर्ग आणि आवर्तनाच्या तारखा गावात आधी कळवा, उघड्या पडणाऱ्या भिंती-खडकांवर तरंगती खूण लावा, धक्के पातळीबरोबर खाली-वर सरकतील असे बांधा, आणि वादळाच्या इशाऱ्याला होडी बंद ठेवणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही असे पाहा. पाऊस आपल्या हातात नाही. या पाच गोष्टी आहेत, आणि धरणासाठी गावे उठवणाऱ्या राज्यावर उरलेल्या काठाचे एवढे देणे आहे.