थंडीत डास जातात कुठे? आपल्याच पिंपात!



मार्गशीर्षातला गुरुवार सोडून निडीच्या एका गटाची बैठक शुक्रवारी ठेवली होती. बचत गोळा झाली, हप्ते आले. एका ताईंनी भाद्रपदात गटातून आठ हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं होतं. ऐन गणपतीत मुलाला डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. हप्ता देताना त्या म्हणाल्या, "मॅडम, कर्ज अजून फिटायचंय, पण डास गेले बाई एकदाचे. आता पावसाळ्यापर्यंत सुटलो ना?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "थंडी पडली ना, मेले असतील सगळे." मीही मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

चुकलं माझं. परत येताना गाडीत विचार केला, सगळे मेले तर जूनमध्ये पुन्हा येतात कुठून? आणि त्यांच्याबरोबर तो आजार कुठून येतो? त्या ताईंना तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज सगळ्यांसाठी लिहिते.

थंडी कोणाला मारते?

जिथे बर्फ पडतो तिथेही डास संपत नाहीत. काही जातींच्या माद्या तळघरात, भिंतीच्या फटीत, पडक्या बांधकामात जाऊन बसतात. खात नाहीत, अंडी घालत नाहीत, नुसत्या थांबून राहतात. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १९९९ साली वेस्ट नाईल नावाच्या विषाणूची साथ आली. २०००च्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, शास्त्रज्ञांनी अशा लपलेल्या माद्या पकडून तपासल्या, तर काहींच्या अंगात तो विषाणू सापडला. उन्हाळ्यात आजार पुन्हा आला.

आपल्याकडे तर तेवढी थंडीही नाही. पौषात पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो आणि दुपारी पुन्हा तीसला जातो. एवढ्यानं डास मरत नाही. वाढ थोडी मंदावते, इतकंच. सध्या संध्याकाळी कानाशी गुणगुणतात ते बहुतेक गटारातले, साचलेल्या घाण पाण्यातले डास. त्यांना क्युलेक्स म्हणतात. डेंग्यूचा डास वेगळा. त्याचं नाव एडिस, पायावर आणि अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा आणि अंडी घालतो आपल्या घरच्या स्वच्छ पाण्यात.

आपल्याकडे एडिसला थंडीपेक्षा कोरड जास्त अडवते. पाऊस गेला की उघड्यावरची डबकी सुकतात. मग तो दोन प्रकारे तग धरतो. एक म्हणजे आपण भरून ठेवलेल्या पाण्यात. दुसरा प्रकार मला स्वतःला माहीत नव्हता.

कडेची काळी टिंबं

एडिसची मादी अंडी थेट पाण्यावर घालत नाही. पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला ती अंडी चिकटवते. एका वेळी शंभरच्या आसपास. अंडं काळं, मिलिमीटरपेक्षाही लहान. पाहिलं तर धूळच वाटते.

पाणी कमी झालं, पिंप सुकलं, तरी ती अंडी मरत नाहीत. कोरडी, चिकटलेली, सहा-आठ महिनेसुद्धा जिवंत राहू शकतात. पुन्हा पाणी वर चढून त्यांना बुडवलं की अळ्या बाहेर पडतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो.

आता आपल्या अंगणाचा हिशोब करा. हल्ली सगळीकडे पोपटी लागते. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि मडकं. पोपटीचं मडकं जाळावर जातं म्हणून त्यात अंडी टिकत नाहीत. पण पावसाळ्यात पाणी साचलेलं जुनं मडकं, टायर, करवंटी किंवा फुटकी बादली वळचणीला पडून असेल, तर कडेला गेल्या भाद्रपदातली अंडी अजून असू शकतात. जूनमध्ये पागोळ्या पडल्या की त्यांचं काम सुरू.

आणि विषाणू?

नुसता डास आजार देत नाही, अंगात विषाणू असलेला डास देतो. साथ नसताना हा विषाणू राहतो कुठे?

पहिली जागा माणूस. डेंग्यूचा विषाणू अंगात गेलेल्या बऱ्याच जणांना ताप येत नाही, किंवा अंगावर काढण्याइतकाच येतो. आपण म्हणतो, "थंडीची कणकण आहे." तेवढ्यात घरातला एखादा एडिस त्याला चावला तर साखळी तुटत नाही, हळूहळू चालत राहते.

दुसरी जागा डास. एकदा विषाणू अंगात वाढला की ती मादी मरेपर्यंत तो पसरवू शकते.

तिसरी जागा अंडी. काही थोड्या अंड्यांत आईकडूनच विषाणू उतरतो. त्यातून निघालेला डास कोणाही आजारी माणसाला न चावता जन्मतःच विषाणू घेऊन येतो. भारतातही अळ्यांपासून वाढवलेल्या डासांत डेंग्यूचा विषाणू सापडला आहे. प्रमाण कमी असतं, पण पुढच्या साथीला ठिणगी पुरते.

आपल्या महाराष्ट्रातलंच चिकुनगुनियाचं उदाहरण घ्या. हा आजारही एडिसच पसरवतो. १९७३ला सोलापूर जिल्ह्यात बार्शीला मोठी साथ आली. मग कितीतरी वर्षं कोणी नाव घेतलं नाही. लोक विसरले. २००५-०६ला तो राज्यभर अशा जोरात आला की माणसं काठी टेकत चालायला लागली. पण त्याच्या आधीच, २०००मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या यवतला पकडलेल्या डासांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला चिकुनगुनियाचा विषाणू मिळाला होता. म्हणजे गावात साथ नाही याचा अर्थ विषाणू नाही असा होत नाही. २०२१ला पुरंदर तालुक्यात बेलसर गावात राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. तोही आजार याच डासाचा.

पाणी ओतायला सांगणार नाही

आरोग्याचे कर्मचारी सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा. बरोबरच आहे. पण पेणच्या खारेपाटातल्या ताईंना विचारा, नळाला पाणी कधी येतं. टँकरची वाट बघून डोक्यावर आणलेलं पाणी ओतून द्या म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि अंडी कडेला असतात, म्हणून नुसतं पाणी ओतून काम होतही नाही. म्हणून पाण्यापेक्षा कडेकडे लक्ष द्या.

• पाणी येण्याच्या आदल्या दिवशी पिंप तळाला गेलेलं असतं. उरलेलं पाणी गाळून हंड्यात, बादलीत काढा आणि वापरा.
• काथ्या किंवा तारेची घासणी घेऊन पिंप आतून वरच्या काठापासून तळापर्यंत जोर लावून घासा. नुसतं विसळून अंडी सुटत नाहीत.
• ते धुवण तापलेल्या कोरड्या मातीवर टाका, गटारात किंवा डबक्यात नको.
• पिंप भरल्यावर जुनी सुती साडी दुहेरी करून नाडीनं घट्ट बांधा. सैल झाकणाच्या फटीतून डास आत जातो.
• हे आठवड्याला एकदा करा. डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत आपला हात फिरला पाहिजे.
• रिकामी होत नाही अशा मोठ्या टाकीसाठी आशाताईंना किंवा आरोग्य सेवकांना सांगून गप्पी मासे मागा.
• फ्रिजमागचा ट्रे आणि कोंबड्यांचं पाण्याचं भांडंही घासा. गणपतीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या ताईंनी तिथले पाण्याचे टबही बघावेत.
• अंगणातली मडकी, टायर आत्ताच, कोरडे असतानाच हलवा. जूनमध्ये उशीर झालेला असतो.

आणि ताप आला तर थंडीचा म्हणून अंगावर काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, काहींनी डेंग्यूत रक्तस्राव वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. तो काळच जास्त धोक्याचा असतो.

गटानं का करायचं?

एडिस फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच. म्हणजे आपल्याला चावणारा डास आपल्याच आळीतला. नऊ घरांनी घासलं आणि दहाव्यानं नाही, तर दहाही घरांना त्रास. परतफेडीसारखंच आहे हे, एकीचा हप्ता चुकला की सगळ्या गटावर येतं. दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो. या महिन्यापासून बैठकीच्या वहीत एक ओळ वाढवूया: या आठवड्यात किती घरांत पिंप घासलं?

संक्रांतीचं हळदीकुंकू येतंय. दरवर्षी वाणात प्लास्टिकचा डबा देतो, यंदा काथ्याची घासणी देऊन बघा. वीस-तीस रुपयांत येते. मुलाच्या डेंग्यूपायी आठ हजारांचं कर्ज फेडणाऱ्या आपल्या ताईंना पहिली घासणी मी देणार आहे, आणि त्या दिवशीचं अर्धवट उत्तरही पूर्ण करणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक