तीनशे त्र्याण्णव माणसं आणि पंधरा तास

पहलगामच्या हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा 27 एप्रिल 2025 पासून रद्द केले आणि महाराष्ट्रात मोजणी सुरू झाली. तेव्हा बाहेर आलेल्या राज्याच्या यादीत 5,023 पाकिस्तानी नागरिक होते. नागपुरात 2,458, ठाण्यात 1,106, आणि पुण्या-मुंबईला मागे टाकून तिसऱ्या क्रमांकावर जळगाव: 393. मुंबईत अवघे 14, शेजारच्या धुळ्यात 6.

जळगावात यांतले बहुतेक सिंधी हिंदू. फाळणीनंतर आलेली कुटुंबं इथे स्थिरावली, तिकडे राहिलेले भाऊबंद नंतर एकेक करत येत राहिले. हे लोक दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. हिंदूंचे असे व्हिसा रद्द होणार नाहीत, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने केला, तेव्हा सिंधी कॉलनीचा जीव भांड्यात पडला असेल.

2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42,29,917 होती. त्यावरून पाहिलं, तर साधारण दहा हजार आठशे माणसांमागे यांतला एक. धुळ्यात हेच प्रमाण साधारण तीन लाख चाळीस हजारांत एक.

आता उलट्या दिशेचा आकडा. 2022 या एका वर्षात 2,25,620 भारतीयांनी आपलं नागरिकत्व सोडलं. म्हणजे दिवसाला 618, तासाला जवळजवळ 26. जळगावातली ती 393 माणसं ज्या कागदासाठी वर्षानुवर्षं थांबली आहेत, तो तेवढ्याच माणसांनी सरासरी पंधरा तासांत परत केला. आणखी एक हिशेब मला अस्वस्थ करतो. 2018 ते 2021 या चार वर्षांत पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातल्या अल्पसंख्याकांचे 8,244 अर्ज आले, नागरिकत्व मिळालं 3,117 जणांना. 2022 च्या वेगाने 3,117 लोक पाच दिवसांत देश सोडून दुसऱ्या देशाचे झाले. एवढ्या मोठ्या देशाला आठ हजार फायली जड जाव्यात, हे मला पटत नाही.

वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागायचं, तर अर्जाआधीचे बारा महिने सलग आणि त्यामागच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं इथे काढलेली असावी लागतात. बारा वर्षं म्हणजे सुमारे 4,383 दिवस. या सगळ्या काळात परदेशी नागरिकाची नोंद पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात, व्हिसाची मुदतवाढ तिथूनच सुरू होते. घरात मूल झालं तरी सुटका नाही. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय ठरे, आईबाप कुठलेही असोत. पुढे एक पालक भारतीय असणं सक्तीचं झालं आणि 3 डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली. आज जळगावच्या दवाखान्यात जन्मलेलं बाळ, आईबाप दोघेही व्हिसावर असतील, तर परदेशीच.

नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने याच तीन देशांतल्या सहा अल्पसंख्याक समुदायांसाठी अकरा वर्षांची अट पाचवर आणली. राष्ट्रपतींची सही 12 डिसेंबर 2019 ला झाली, नियम निघाले 11 मार्च 2024 ला. मध्ये 1,551 दिवस गेले. नियमांनुसार जिल्हा समितीचं प्रमुखपद टपाल अधीक्षकांकडे, निष्ठेची शपथ तेच देतात. निर्णय घेणाऱ्या राज्य पातळीवरच्या समितीवर जनगणना संचालक. पहिली 14 प्रमाणपत्रं दिल्लीत 15 मे 2024 ला दिली गेली.

मात्र ही सवलत 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांनाच आहे. त्या दिवशी आलेल्याला पाच वर्षं आणि अर्जाआधीचे बारा महिने, म्हणजे सहा वर्षं पुरेशी. दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारी 2015 ला आलेल्या सख्ख्या भावाला बारा, म्हणजे अर्ज थेट 2027 मध्ये. एका रात्रीची किंमत सहा वर्षं! सप्टेंबर 2025 मध्ये नवा परकीय नागरिक कायदा लागू झाला, तेव्हा याच समुदायांतल्या 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली. राहू दिलं, पण नागरिकत्वाची तारीख तीच राहिली. ती कायद्यातच लिहिलेली आहे. बदलायची तर संसदेलाच बदलावी लागेल.