सातबारा आणि तक्ते मोडणारा डेटाबेस

रत्नागिरीकडचा कोणताही सातबारा पाहा. गुंठे थोडे, नावांची रांग मोठी! त्यातलीच नावे शेजारच्या गटातही असतात. गाव नमुना सात जमिनीवरचे हक्क सांगतो, बारा पिके सांगतो, आठ-अ मध्ये एका खात्याची सगळी जमीन दिसते आणि नमुना सहामध्ये फेरफार नोंदतात. गट, खाते आणि फेरफार यांच्या क्रमांकांनी हे कागद एकमेकांना बांधलेले असतात.

रिलेशनल डेटाबेस असाच असतो. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली. प्रत्येक गोष्ट शक्यतो एकाच तक्त्यात लिहायची, इतरत्र फक्त तिचा क्रमांक द्यायचा. (गणिताच्या शिक्षकांसाठी: यातले 'रिलेशन' म्हणजे तक्त्यांमधले नाते नव्हे, तर संचसिद्धान्तातला संबंध, म्हणजे खुद्द तक्ताच.)

समजा, वारसनोंद करताना मृताचे नाव कमी झाले आणि वारसांची नावे चढण्याआधीच वीज गेली. मग जमीन कुणाची? म्हणून असे बदल एकत्र बांधतात: होतील तर सगळे, नाहीतर एकही नाही. आमच्या मते या डेटाबेसचा खरा मोठेपणा इथे आहे.

मग नोएसक्यूएल कशाला? तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. गूगल, अ‍ॅमेझॉन यांची माहिती एका यंत्रात मावेना, आणि शेकडो यंत्रांवर विखुरलेले तक्ते जोडणे फार जड जाते. त्यांनी २००६ व २००७ मध्ये आपापल्या वेगळ्या रचना प्रसिद्ध केल्या. २००९ पासून अशा रचनांना नोएसक्यूएल हे नाव रूढ झाले.

यातल्या एका प्रकारात प्रत्येक नोंद म्हणजे स्वतंत्र गाठोडे. किनाऱ्यावर आपण माशाची लांबी, खारफुटीची उंची, शिंपल्याचा रंग टिपतो. एकच तक्ता केला तर निम्मे रकाने रिकामे! गाठोड्यात मात्र ज्याचे त्याचे रकाने. पण किनाऱ्याचे नाव प्रत्येक गाठोड्यात पुन्हा लिहिले जाते. चुकले तर सगळीकडे दुरुस्ती. शिवाय, अनेक यंत्रांवरच्या प्रती काही नोएसक्यूएल रचनांत थोडा वेळ वेगवेगळी उत्तरे देतात. छायाचित्र किती जणांना आवडले, हे मोजताना ते चालेल, सातबाऱ्यावर नाही. अर्थात आता सीमा पुसट होत आहेत: मोंगोडीबीमध्ये २०१८ पासून अनेक नोंदींतले बदल एकत्र बांधता येतात.

वर्गात करून पाहा. एका गटाने जनरल रजिस्टर आणि गुणतक्ता वेगळे ठेवावेत, दुसऱ्याने प्रत्येक परीक्षेसाठी मुलाचे नाव, पत्ता, गुण असे पूर्ण कार्ड लिहावे. मग एका मुलाचा पत्ता बदला आणि दोन्ही गटांना किती ठिकाणी खोडावे लागले ते मोजा.