प्रदेशविजयाचा खेळ आणि पराभूत संघ

बुद्धिबळाचा डाव राजावर मात झाली की संपतो. मोहरी पुन्हा मांडली जातात आणि जिंकलेला व हरलेला असे दोघेही समान बळाने परत एकमेकांसमोर बसतात. आंतरजालावरील ज्या खेळांत सहस्रावधी माणसे एकाच कल्पित जगात वर्षानुवर्षे वावरत असतात, त्यांना ही सोय नाही. तेथील पट उचलला जात नाही; कालचा विजय आजच्या डावात शिल्लक राहतो. अशा जगात खेळाडूंच्या संघांनी भूमी जिंकावी, राखावी व गमवावी अशी योजना करावयाची म्हटली म्हणजे रचनाकारापुढे एक मूलभूत पेच उभा राहतो. भूमीपासून काही लाभ नसेल, तर तिच्यासाठी कोणी लढणार नाही. लाभ असेल, तर जेता प्रत्येक विजयागणिक अधिक बलवान होईल, पराभूत खेळ सोडून जाईल आणि अखेरीस जेत्यास लढावयास कोणी उरणार नाही. यास्तव अशा नियमांची खरी कसोटी एकच : हरलेल्या संघातील माणसांना दुसऱ्या दिवशी खेळात परत यावेसे वाटते काय? काही प्रत्यक्ष खेळांच्या आधारे ही कसोटी लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. या खेळांतील समूहांस ‘गिल्ड’ म्हणतात. हा शब्द मूळचा मध्ययुगीन यूरोपातील कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या मंडळांचा. त्याला आपल्याकडील जुना प्रतिशब्द ‘श्रेणी’ हा होय. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. मूळ रकमेस हात न लावता तिच्या व्याजातून भिक्षूंच्या गरजा भागवावयाच्या होत्या. सभासद बदलले तरी मंडळ टिकते, हा विश्वास त्या ठेवीमागे आहे. खेळांतील गिल्डला एका व्यवसायाचे बंधन नसते. तिला बांधून ठेवते ती परस्परनिष्ठा. ‘लिनिएज’ या कोरियन खेळात तर अशा समूहास ‘रक्ताची आण घेतलेले’ अशा अर्थाचे नाव आहे. म्हणून येथे ‘संघ’ हा व्यापक शब्द योजिला आहे. तथापि सभासदांहून अधिक काळ टिकण्याची जी आकांक्षा श्रेणीत दिसते, तीच या संघांतही आहे, आणि भूमी ही तिची दृश्य खूण ठरते.

‘लिनिएज’ हा खेळ १९९८ साली दक्षिण कोरियात सुरू झाला. त्यातील योजना सरळ होती. किल्ला वेढा घालून जिंकावयाचा, आणि ज्या संघाकडे किल्ला असेल त्याला त्या प्रदेशातील दुकानांवरील कर मिळावयाचा. येथे भूमीचा लाभ केवळ संपत्तीचा नाही. जो खेळाडू कोणत्याच युद्धात नाही, त्यालाही बाजारात वस्तू घेताना राज्यकर्ता कोण हे जाणवते. सत्ता ही अशा रीतीने सर्वांच्या दैनंदिन व्यवहाराशी जोडली गेली.

या जोडणीचा परिणाम ‘लिनिएज २’ या पुढील खेळात २००४ साली दिसून आला. बार्ट्झ नावाच्या सर्व्हरवर एका बलाढ्य संघाने व त्याच्या मित्रसंघांनी किल्ले आणि उत्तम शिकारीच्या जागा ताब्यात घेतल्या व कर वाढविला. त्याविरुद्ध इतर संघ उठले आणि त्यांच्या मदतीस नवखे, दुर्बळ खेळाडू मोठ्या संख्येने धावले. अंगावर चिलखत नसलेल्या या खेळाडूंना ‘आतल्या कपड्यांची पलटण’ अशा अर्थाचे थट्टेचे नाव पडले, आणि पुढे तेच अभिमानाचे नाव झाले. एकट्याने कवडीमोल असलेला खेळाडू संख्येच्या बळावर बलाढ्यांची वाट अडवू शकला. बंडखोरांनी किल्लाही जिंकला. परंतु जिंकलेल्याची वाटणी कशी करावी यावरून त्यांच्यात फूट पडली व जुने सत्ताधारी परतले. रचनाकारास यातून दोन बोध मिळतात. दुर्बळास युद्धात उपयोगाचे काम मिळाले, तर तो पराभवातही टिकतो. आणि विजयानंतरच्या वाटणीसाठी खेळात साधने नसतील, तर विजयच संघ मोडतो.

दुसरा मार्ग बाजूंच्या संख्येचा. २००१ साली निघालेल्या ‘डार्क एज ऑफ कॅमलॉट’ या खेळात अल्बियन, हिबर्निया व मिडगार्ड अशी तीन राज्ये आहेत. दोनच पक्ष असले की एकाचे पारडे जड झाल्यावर तोल सावरणे कठीण. तीन असले की उरलेले दोघे प्रबळाविरुद्ध एकाच वेळी उठू शकतात. त्यासाठी तह लिहावा लागत नाही, दोघांचे हित पुरेसे असते. याच खेळातील दुसरी योजना तितकीच महत्त्वाची. सीमेवरील किल्ले जिंकता येतात, पण प्रत्येक राज्याच्या मूळ भूमीत शत्रूला प्रवेश नाही. पराभूताला माघारी जाण्यास घर आहे. २०१२ च्या ‘गिल्ड वॉर्स २’ मध्ये तीन पक्षांची हीच कल्पना घेऊन सामन्यास कालमर्यादाही घातली गेली. मुदत संपली की गुणांची पाटी कोरी होते. यात न्याय अधिक, पण इतिहास कमी. प्रत्येक वेळी पुसली जाणारी भूमी कोणाची मातृभूमी होत नाही.

पाटी कधीही न पुसण्याचा मार्ग आइसलंडमधील सीसीपी या संस्थेने २००३ साली सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ने पत्करला. अंतराळातील सहस्रावधी ग्रहमालांपैकी अनेकांवर खेळाडूंचे संघ सार्वभौमत्व स्थापू शकतात. आरंभी ज्याचे मनोरे ग्रहमालेत अधिक, त्याची सत्ता, असा नियम होता. असे मनोरे पाडणे म्हणजे तासन्‌तास गोळीबार करीत बसणे. म्हणजे लढाईचे रूपांतर वेठबिगारीत झाले. २००९ च्या अखेरीस मनोऱ्यांच्या मोजणीऐवजी सत्तादर्शक यंत्रे व सत्तेचे नियमित शुल्क आले. शुल्काचा हेतू उघड आहे. भूमीला भार असला की वापरापेक्षा अधिक भूमी धरून ठेवणे महाग पडते, आणि लहान संघांसाठी जागा उरते. या भाराचे एक अनपेक्षित फळ २०१४ च्या जानेवारीत दिसले. बी-आर५आरबी या ग्रहमालेचे शुल्क भरले गेले नाही, तेथील सत्ता लोपली, आणि ती हस्तगत करण्यासाठी सुमारे २१ तासांचे युद्ध पेटले. त्यात साडेसात हजारांहून अधिक खेळाडू गुंतले आणि टायटन नावाची ७५ महानौका नष्ट झाल्या. एवढी गर्दी संगणकांना पेलावी म्हणून त्या खेळात काळाचाच वेग सामान्य वेगाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मंदावण्याची सोय आहे. युद्ध भव्य होते. पण अशा युद्धात एकेका खेळाडूच्या वाट्यास बहुतांशी वाट पाहणेच येते.

येथे काळाचा प्रश्न पुढे येतो, आणि तो खेळाबाहेरच्या जीवनाला भिडतो. जगभरातील माणसे एकाच पटावर असली म्हणजे एकाची दुपार ती दुसऱ्याची मध्यरात्र. शत्रू झोपेत असताना त्याचे गड घेणे हा सर्वांत स्वस्त विजय होय. तो मोकळा ठेवला, तर संघाच्या निष्ठेची किंमत सभासदांच्या झोपेने व नोकरीने चुकवावी लागते. म्हणून हल्ला झालेली वास्तू काही काळ अभेद्य होऊन नंतरच अंतिम लढतीस खुली व्हावी, अशी तजवीज या खेळात आहे. २०१५ च्या सुधारणेत बचाव करणाऱ्या संघास स्वतःची लढण्याची वेळ ठरविण्याचा अधिकार मिळाला. त्याच सुधारणेने आणखी दोन गोष्टी केल्या. संघ स्वतःच्या भूमीचा जितका प्रत्यक्ष वापर करील, तितकी ती हिरावून घेण्यास वेळ अधिक लागेल, असे ठरले. आणि अंतिम लढत एका बिंदूऐवजी शेजारच्या अनेक ग्रहमालांत विखुरली गेली, त्यामुळे लहान तुकड्यांनाही निर्णायक काम मिळाले. नियम पुढेही बदलत गेले, २०२४ मध्येही बदलले. परंतु वापर, सूचना व विखुरणी ही तत्त्वे विचारात घेण्याजोगी आहेत.

तरीही नियमांच्या आवाक्याबाहेर एक वाट उरतेच. २००९ च्या फेब्रुवारीत ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या महासंघाचा एक अधिकारी शत्रूस मिळाला व त्याने महासंघच विसर्जित केला. सत्ता त्या नावाशी बांधलेली असल्याने नावाबरोबर भूमीवरील हक्कही गेला, आणि शत्रूने ते नावही स्वतःच्या नावे नोंदवून टाकले. ठेवीच्या मागे असणारा विश्वास मोडला की श्रेणी उरत नाही, हे येथेही खरे ठरले.

या उदाहरणांवरून रचनेची सूत्रे सांगता येतील. भूमीचा लाभ न लढणाऱ्यालाही जाणवावा. तिचा भार धारकावर पडावा. हल्ल्यास पूर्वसूचना असावी. दुर्बळास काम व पराभूतास आश्रय असावा. आणि प्रबळाविरुद्ध एकत्र येण्याची वाट मोकळी असावी. जेत्याची प्रत्येक सोय वाढविताना पराभूताची एक सोय राखली आहे काय, हे रचनाकाराने पाहिले पाहिजे. कारण जेत्याचा आनंद नियम न करताही निर्माण होतो. पराभूताचे परत येणे मात्र नियमांवाचून घडत नाही, आणि तो परत आला नाही तर जिंकलेली भूमी ओसाड पडते.