अटलांटिक ओलांडताना नौकेवरचे दिवस

शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडायचा म्हटलं, की आपल्याला आठवतं ते वादळ. त्याला कारणही आहे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जग फिरून आल्या. त्यांच्या कहाण्यांतून आपल्याला भेटला तो दक्षिण महासागर, आणि तो खरोखरच रागीट आहे. पण कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचा, सुमारे २,७०० सागरी मैलांचा रस्ता वेगळा. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर सरतो आणि नौका त्या सुमारास किंवा नंतर निघतात. भूगोलात वाचलेले ईशान्य व्यापारी वारे पाठीशी असतात. रात्री एखादा काळा ढग वाऱ्याचा झोत आणि पाऊस घेऊन येतो. तेवढ्यापुरतं शीड कमी करायचं.

माणूस दमतो तो हेलकाव्यांनी. वारा मागून असला की नौका तीन आठवडे डावी-उजवी झुलत राहते. चहा ओतायचा तर कप आधी बेसिनमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे सांडला तरी तिथेच सांडेल. समुद्र लागण्याचा त्रास बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सरतो, झुलणं मात्र सरत नाही.

‘रात्री नांगर टाकून झोपत असतील’ असं पुष्कळांना वाटतं. नांगराची साखळी असते फार तर शंभरेक मीटर आणि खाली पाणी चार-पाच किलोमीटर खोल. नौका रात्रंदिवस चालते, आणि म्हणून पहारा लागतो. तिघं असतील तर तीन तास पहारा, सहा तास सुटी. पहारेकऱ्याने पट्टा नौकेला अडकवून बसायचं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून चारी दिशांना पूर्ण क्षितिज न्याहाळायचं. या मिनिटांमागे हिशेब आहे. मोठ्या जहाजाचा दिवा सहा मैलांवर दिसला, जहाजाचा वेग १८ नॉट, आपला पाच. दोघं समोरासमोर असतील तर गाठ पडायला पाव तास पुरतो. जहाजं दाखवणारा पडदा हल्ली असतो, पण संदेश न पाठवणारी छोटी होडी त्यावर उमटत नाही. माझ्या मते या प्रवासातलं खरं शौर्य म्हणजे पहाटे तीनच्या झोपेवर मात करून हे पुन्हापुन्हा पाहणं.

सुकाणू मात्र कोणी धरून बसत नाही. ते काम ऑटोपायलट किंवा वाऱ्यावर चालणारं यंत्र करतं. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’वर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं असं यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ मोडलं, तेव्हा त्यांनी शिडांचाच तोल साधून नौका मार्गावर ठेवली आणि १९६९ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

मग माणसं रिकामी असतात का? अजिबात नाही. दोर एकाच जागी दिवसभर घासतो आणि तिथे झिजतो. म्हणून सकाळची पहिली फेरी दोरांची: घासलेली जागा शोधायची आणि दोर वीतभर सरकवायचा. डेकवर पडलेले उडते मासे गोळा करायचे. मग जाळीतली फळं-भाजी चाचपायची, कारण एक टोमॅटो नासला की शेजारचेही जातात. न धुतलेली अंडी फ्रिजशिवाय आठवडेच्या आठवडे टिकतात. दर दोन दिवसांनी ती उलटी करून ठेवायची पद्धत आहे. कोबी, कांदे, बटाटे, लिंबं शेवटपर्यंत साथ देतात. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोडं पाणी फक्त शेवटच्या विसळण्याला.

भर समुद्रात शांतता असते, हाही समज खोटा. आत झोपलेल्याच्या कानाशी पाणी धडकत असतं, दोर करकरतात, कपाटात एखादा डबा दर हेलकाव्याला इकडून तिकडे घरंगळतो. अखेर कोणीतरी उठून त्याच्याभोवती मोजा कोंबतं.

आणि दिवस एकसारखे नसतात. पंधरा रेखांशांमागे एक तास, या हिशेबाने कॅनरी ते कॅरिबियनमधलं सेंट लुसिया बेट तीन तासांचा फरक. घड्याळ तसंच ठेवलं, तर सूर्य रोज सुमारे नऊ मिनिटं उशिरा उगवतो आणि पहिल्या आठवड्यात उजाडताना संपणारा पहारा पुढे अंधारातच संपू लागतो. म्हणून नोंदवही ग्रीनिच वेळेवर ठेवतात, स्वयंपाकघरातलं घड्याळ साधारण आठवड्याला तासभर मागे घेतात आणि पहाऱ्याच्या पाळ्याही फिरत्या ठेवतात, म्हणजे मध्यरात्रीनंतरची पाळी एकाच्याच वाट्याला राहत नाही.