फोल्डर कॉम्प्रेस केल्याने जागा खरंच वाचते का?

मोबाईल भरला की फोटो, व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर टाकायचे, आणि काही महिन्यांत कॉम्प्युटरची ड्राइव्ह लाल! आमच्या राजगुरुनगरात घरोघरी हेच चालतं. मग कोणीतरी सांगतं, "फोल्डर कॉम्प्रेस कर, जागा होईल." पण होते का? फोल्डरमध्ये काय आहे, त्यावर ते ठरतं.

कॉम्प्रेशन म्हणजे काय?

फाईलमध्ये तोच मजकूर परत आला तर तो पुन्हा न लिहिता "मागे बघा" अशी छोटी खूण ठेवायची. लेम्पेल आणि झिव यांनी 1977 मध्ये मांडलेली ही युक्ती आजही झिपच्या मुळाशी आहे.

आपल्या गावाचंच नाव घ्या. इंग्रजीत 'राजगुरुनगर' लिहायला 12 अक्षरं, म्हणजे 12 बाइट लागतात. देवनागरीत काना, उकार धरून 10 चिन्हं होतात. पण यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे एकूण 30. गंमत म्हणजे या दहाही चिन्हांचा पहिला बाइट एकच असतो! इतकी पुनरावृत्ती असल्यामुळे मराठी मजकुराच्या मोठ्या फाईल्स छान आकसतात.

काय आकसतं, काय नाही?

- चांगलं आकसतं: साधा मजकूर, लॉग, बीएमपी चित्रं, जुन्या एक्सएलएस फाईल्स. चाकणला नोकरी करणाऱ्या दादाची डीएक्सएफ ड्रॉइंग्जसुद्धा.
- जवळपास नाहीच: जेपीजी फोटो, एमपी4 व्हिडिओ, एमपी3 गाणी. ती आधीच पिळून झालेली असतात. एक्सएलएसएक्स आणि डॉक्सएक्स तर आतून झिपच असतात.

म्हणजे मोबाईलमधून आलेल्या फोटोंचा फोल्डर झिप करून फारसं काही हाती लागत नाही.

विंडोजमध्ये कसं करायचं?

1. फोल्डरवर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज'.
2. 'ॲडव्हान्स्ड' बटण दाबा.
3. 'कॉम्प्रेस कंटेंट्स टू सेव्ह डिस्क स्पेस'वर टिक करून ओके, अप्लाय.

यात फाईल नेहमीसारखीच उघडते, झिपसारखी आधी सोडवावी लागत नाही. ड्राइव्ह एनटीएफएस हवी; एफएटी32 पेनड्राइव्हवर हा पर्याय दिसणार नाही. किती वाचलं ते 'प्रॉपर्टीज'मध्येच कळतं: 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' यांतला फरक बघा. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनच्या फाईल्सना मात्र हात लावू नका, काम मंदावतं.

सगळ्यात महत्त्वाचं

कॉम्प्रेशन म्हणजे बॅकअप नव्हे. झिप केल्यावर मूळ फोल्डर लगेच उडवू नका. झिप दुसरीकडे उघडून दोन-चार फाईल्स तपासा, मगच डिलीट करा. डिस्कच गेली तर झिपही तिच्यासोबत जाते. म्हणून आजी-आजोबांचे फोटो, मार्कशीट अशा गोष्टींची एक कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवाच. आणि जागाच हवी असेल तर आधी डाउनलोड्स फोल्डर आणि तेच तेच फॉरवर्ड व्हिडिओ साफ करा. त्यातून कॉम्प्रेशनपेक्षा जास्त जागा सुटण्याची शक्यता आहे!